सांडपाण्यावरची परसबाग: मराठवाड्यातल्या घराचा हिशेब

आपल्या घरातून दिवसाला किती सांडपाणी निघतं हे ज्या घरात कुणाला तरी ठाऊक असतं, त्या घरामागची परसबाग मे महिना पाहते. बाकीच्या बऱ्याचशा बागा संक्रांतीनंतर सुकत जातात. मग बियाणं खराब निघालं, मावा पडला, शेजारची शेळी शिरली अशी कारणं सांगितली जातात. ती खोटी नसतात, पण मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: पाणी होतं त्याच्या तिप्पट जागेत वाफे पाडलेले असतात. म्हणून भाज्यांच्या यादीआधी पाण्याचा हिशेब करू.

परसबागेची जी चित्रं आपल्या डोळ्यांसमोर असतात, ती बरीचशी किनारपट्टीवरची आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरामागे नारळ-सुपारी, त्यांच्यावर चढवलेला मिरीचा वेल, मधे केळ आणि जायफळ, खाली हळद-अळू, असे एकाच जागेत चार मजले असतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांना अशा वाडीचा आधार होतो. पण तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवा दमट असते. मराठवाड्यात पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मधे मोठी उघडीप देऊन. एप्रिल-मेमधला कोरडा वारा तर झाडातलं आणि मातीतलं पाणी ओढून नेतो. तिथली झाडं आणून इथे लावली तर पैसे वाया जातील. आणण्यासारखी आहे ती मजल्यांची रचना. उंच झाडाच्या विरळ सावलीत खालच्या वाफ्याची ओल जास्त टिकते. आपल्याकडे नारळाच्या जागी शेवगा आणि हादगा, मिरीच्या जागी दोडका आणि वाल, अळू मात्र तेच, न्हाणीच्या पाटाशी.

आता हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भाजीपाल्याला थंडीत दिवसाला ४ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, कडक उन्हाळ्यात ७-८. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर भाजी हिवाळ्यात रोज ४०० लिटर पिणार आणि उन्हाळ्यात ८००.

घरात येतं किती? जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचं आहे. पाच माणसांच्या घरात नळ नीट आला तर २७५ लिटर. त्यातून पिण्याचं, स्वयंपाकाचं, संडासचं आणि जनावरांचं पाणी वजा करा. उरतं ते आंघोळीचं, भांड्यांचं आणि धुण्याचं, साधारण १६० ते २०० लिटर. यातही सगळंच बागेला देण्यासारखं नसतं. १४० लिटर हाती लागले असं धरलं, तर हिवाळ्यात ३५ चौरस मीटर आणि उन्हाळ्यात जेमतेम १७-१८ चौरस मीटर भाजी त्यावर जगेल. गुंठ्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे अंदाजे १८ फूट बाय २० फूट, हा मराठवाड्यातल्या साध्या घराच्या परसबागेचा खरा आकार आहे. उन्हाळ्यात तोही निम्मा. विहीर-बोअर घरालगत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं घर या लेखाविनाही भाजी पिकवतं.

आठवडाभर बादल्या मोजून पाहा. कुणाच्या घरी ८० लिटर निघतील, कुणाच्या २५०. आकडा लिहून ठेवा, हिवाळ्यासाठी त्याला ४ ने भागा, उन्हाळ्यासाठी ८ ने. उत्तर येईल तेवढे चौरस मीटर. हा भागाकार बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटांत होतो, आणि फुकट वाटलेल्या बियाण्याच्या पाकिटांपेक्षा त्याचा उपयोग मला जास्त वाटतो.

सांडपाण्यातही फरक असतो. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये सोडियम भरपूर असतो. काळ्या चिकण मातीत सोडियम साठला की मातीचे कण विस्कटतात, वर टणक पापडी धरते, पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून धुण्याचं पहिलं, फेसाळ पाणी शोषखड्ड्यात सोडावं. नांदेड जिल्ह्यातल्या शोषखड्ड्यांचं नाव राज्यभर झालं ते गल्लीतल्या गटारी आणि डास कमी झाले म्हणून. परसबागेलाही तोच खड्डा उपयोगी पडतो, कारण खराब पाण्याला वेगळी वाट मिळते. कपडे खंगाळलेलं पाणी, आंघोळीचं पाणी आणि तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी बागेला चालतं. राखेने भांडी घासणारी घरं आता कमी उरली. साबण-पावडर वापरली तर भांड्यांचं पाणी खडी, वाळू आणि कोळशाचे थर भरलेल्या जुन्या माठातून गाळून घ्यावं. तेलकटपणा आणि खरकटं त्यात अडकतं. विरघळलेलं मीठ मात्र अशा गाळणीत अडकत नाही, हे लक्षात असू द्या.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सांडपाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नये, वास येतो आणि डास होतात. ते बुंध्याशी द्यावं, पानांवर नको. आणि कच्ची खायची भाजी, म्हणजे कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, टोमॅटो, यांना सांडपाणी न देता स्वच्छ पाणीच द्यावं. संडासच्या पाण्याचा तर प्रश्नच नाही. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी वाफ्यांत सोडलं तर वर्षभर साचलेले क्षार धुऊन खाली जातात. ३० चौरस मीटरच्या पत्र्यावर ७०० मिलिमीटर पावसात २१,००० लिटर पाणी पडतं. ते सगळं साठवायला टाकी परवडत नाही, पण बागेच्या वरच्या अंगाला चर खोदून जिरवता येतं.

मातीबद्दल. शेत असतं काळीत आणि घर असतं पांढरीत. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना, पडक्या भिंतींची माती मिसळलेली असते. ती भुसभुशीत असते, पण चुनखडीमुळे तिच्यातलं लोह झाडाला मिळत नाही. भेंडीची किंवा पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. लोक युरिया टाकतात आणि पिवळेपणा जात नाही. अशा मातीला शेणखत हवं, भरपूर, दरवर्षी. परसात काळी माती असेल तर पावसाळ्यात गादीवाफे करावेत, कारण काळीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात. दिवाळीनंतर तेच वाफे मोडून खोलगट करावेत, म्हणजे दिलेलं पाणी वाफ्याबाहेर जाणार नाही. एकाच बागेत वर्षातून दोनदा वाफ्यांचा आकार बदलणं हे कष्टाचं काम आहे, पण काळ्या मातीत त्याला पर्याय नाही.

आणि आच्छादन. उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, तुरीचा पाला, यातलं काहीतरी प्रत्येक गावात पडलेलं असतं किंवा पेटवलं जातं. वाफ्यावर चार बोटं जाडीचा थर दिला की मातीतून उडणारं पाणी चांगलंच कमी होतं. फळझाडाच्या आळ्यात साधा भाजलेला, पाझरणारा किंवा बारीक भोक पाडून वात घातलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, तो भरून वर झाकण ठेवावं. पाणी मुळाशीच झिरपतं आणि रोज घालावं लागत नाही.

काय लावायचं याच्या याद्या खूप मिळतात, आणि वर्तुळात सात वाफ्यांची सात दिवसांची बागही आता बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. ती दिसायला सुरेख असते. पण गावठाणातली जागा बहुधा लांबट आणि वाकडी असते, तिथे वर्तुळाचा आग्रह धरू नये. माझं मत विचाराल तर आधी कायमची झाडं ठरवा: दोन शेवगे, एक कढीपत्ता, एक लिंबू, दोन-तीन पपया. शेवग्याची पीकेएम-१ ही जात बियांपासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देते. दरवर्षी बहार संपला की कमरेएवढ्या उंचीवर छाटावी, नाहीतर शेंगा आणि पाला दोन्ही हाताबाहेर जातात. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. बरेच जण न्हाणीच्या तोंडाशीच पपई लावतात आणि ती सडते; ती जागा अळूची आणि केळीची.

कुंपणावर वेल. पऱ्हाट्या-तुराट्यांचं कुंपण घातलं तर त्यावरच दोडका, कारलं, वाल, भोपळा चढतात, वेगळा मांडव लागत नाही. वाफ्यांत मेथी, शेपू, पालक, चुका, माठ. मेथी महिन्याभरात निघते, माठ-तांदुळजा खुडत राहिला की पुन्हा फुटतो. गवार आणि चवळी कमी पाण्यावर तग धरतात आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्रही देतात. अंबाडी तर मराठवाड्याच्या घरातलीच. घोळ, पाथरी, चिवळ आपसूक उगवतात. निंदताना त्यांना तण म्हणून फेकू नका. विकतच्या भाजीत जे पोषण शोधतो ते यांच्यातही आहे आणि त्यांना वेगळं पाणी मागावं लागत नाही.

आता खाण्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाला रोज ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, पालेभाज्या धरून. भाकरी, वरण आणि ठेच्यावर दिवस काढणाऱ्या घरात याच्या निम्म्यानेही पोटात जात नाहीत, आणि घरातल्या बाईच्या ताटात सगळ्यात कमी येतात.

पण परसबाग लावली की रक्त वाढेल, असं सांगत फिरणं मला पटत नाही. पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं घेतं. चुनखडीच्या मातीत लोह असून झाडाला मिळत नाही, तसंच काहीसं आपल्या आतड्यातही होतं. जेवताना लिंबू पिळलं, पेरू किंवा आवळा खाल्ला तर ते प्रमाण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. म्हणून त्या परसात लिंबाचं झाड हवंच. मासिक पाळीत अंगावरून जास्त जात असेल, गरोदरपण असेल तर आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पालेभाज्या, शेवग्याचा पाला आणि पिकलेली पपई यांचं मोठं काम वेगळं आहे: अ जीवनसत्त्व. पालेभाज्यांतून फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्वही मिळतं. अंगणवाडीतल्या मुलाच्या वरणात मूठभर शेवग्याचा पाला पडला तर चवीत फरक पडत नाही, पोषणात पडतो.

मग उपजीविकेचं काय? इथे शब्द जपून वापरायला हवेत, कारण याच आशेवर गट उभे राहतात आणि मोडतात. ३५ चौरस मीटरची बाग नीट सांभाळली तर पावसाळा आणि हिवाळा मिळून आठ महिने रोज पाऊण किलो भाजी निघते असं धरू. ४० रुपये किलोने ती ३० रुपयांची झाली. महिन्याचे ९००, आठ महिन्यांचे ७,२००. तुमच्या बाजाराचा भाव घालून पाहा. या बागेला दिवसाचा तासभर जातो, म्हणजे निंदणीच्या तासाभराच्या मजुरीच्या आसपास मोल मिळतं, तेही घर न सोडता आणि काम नसलेल्या दिवसांत. हे पैसे हातात येत नाहीत, बाजाराला जाणारे वाचतात. पगार नसलेल्या घरात वाचलेले ९०० रुपये खरे असतात, पण नवऱ्याला आणि सासूला ते दिसत नाहीत. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तोडणीचा भाव लिहून ठेवणाऱ्या बायका मला फार शहाण्या वाटतात. महिन्याअखेर तो आकडा घरात बोलता येतो.

विक्रीचं गणित अवघड आहे. डिसेंबर-जानेवारीत तुमची मेथी निघते तेव्हा सगळ्यांचीच निघते आणि आठवडी बाजारात जुडीला भाव नसतो. कोथिंबिरीला भाव येतो मे-जूनमध्ये, तेव्हा पाणी नसतं. दोन-चार जुड्या घेऊन तालुक्याला गेलं तर रिक्षाचं भाडंही सुटत नाही. परसबागेतून विकायचं असेल तर टिकणारं आणि हलकं विकावं: शेवग्याच्या शेंगा, लिंबं, कढीपत्ता, वाळवलेला शेवग्याचा पाला, मिरची-वांग्याची रोपं, गावरान अंडी. रोपांना जागा थोडी, पाणी थोडं लागतं आणि मृगाच्या आधी मागणी नक्की असते. कोंबड्या मात्र बागेच्या कुंपणाबाहेर हव्यात, नाहीतर वाफे उकरतात.

परसबाग आणि भाजीपाल्याची शेती यांची गल्लत होते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात स्त्रियांसोबत काम करत वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-धाराशिव भागात एकरभर जमिनीचं प्रारूप रुजवलं. घरच्या जमिनीतला एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात सोयाबीन-उसाऐवजी धान्य, कडधान्य, भाज्या अशी मिश्र पिकं कमी पाण्यावर घ्यायची, आधी घर खाईल आणि उरलेलं विकायचं. या कामाला २०१७ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ती खरी उपजीविका आहे, पण ती एकरावर आणि शेतातल्या पाण्यावर उभी आहे. घरामागच्या तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांकडून तेवढी अपेक्षा ठेवली तर पदरी निराशाच येईल. परसबागेचा फायदा असा की तिथे जमीन मागून घ्यावी लागत नाही. बऱ्याच बायकांना स्वतः ठरवून पेरता येणारी ती पहिली जागा असते, आणि शेताचा एकर मागायची हिंमत कधी कधी तिथूनच येते.

ज्यांच्याबद्दल या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं, ती ऊसतोडीला जाणारी घरं. बीड आणि आसपासच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात आणि कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळा हाच भाजीचा सोन्याचा हंगाम, आणि नेमकी तेव्हा घराला कडी असते, किंवा मागे म्हातारी आणि शाळेतली पोरं असतात. अशा घराला हिवाळी बागेचं प्रशिक्षण देऊन काय होणार? त्यांची बाग मृगाला सुरू होऊन दिवाळीला संपली पाहिजे. पावसाचं पाणी असतं, सांडपाण्यावर भार नाही. गवार, चवळी, भेंडी, अंबाडी, दोडका, भोपळा जूनमध्ये टोकायचे, पोळ्यापासून खायचे आणि जास्तीचं वाळवायचं. गवारीच्या शेंगा, अंबाडी, शेवग्याचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरला तर फडावरच्या कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, तीन-चार महिने पुरतो. उन्हात वाळवला तर अ जीवनसत्त्व फार जातं, म्हणून सावलीत. कोपीत भाजीवाला क्वचित येतो आणि हातातली खर्ची तेल-मिठालाच संपते, तिथे हा डबा फार मोलाचा. पिकलेला लाल भोपळा, देठासकट काढलेला, गाडीत टाकून न्यावा; तो महिनोन्‌महिने टिकतो. मागे राहिलेल्या आजीकडे तीन झाडं आणि पुरलेले माठ एवढंच काम ठेवावं.

दुष्काळी सालाचीही तयारी हवी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी भाजीचे वाफे जानेवारीतच बंद करायचे आणि असेल तेवढं सांडपाणी शेवगा-लिंबाला द्यायचं. शेवग्याची बरीच पानं गळतील, पण पहिल्या पावसावर पुन्हा फुटतील.

किडींसाठी वेगळा खर्च नको. जून-जुलैत कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो, तो वेचून सावलीत वाळवून ठेवावा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारावी. मावा, तुडतुडे, कोवळ्या अळ्या यांना ती पुरते. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते: कपाशीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात मिरची-कोथिंबीर लावू नका, त्याने बागेला पाणीही घालू नका, आणि फवारणीचा पंप परसात धुऊ नका. विष डब्याला चिकटून राहतं आणि शेवटी ताटात येतं. जागा कमी असेल तर सिमेंटच्या किंवा खताच्या गोण्या झटकून-धुऊन, माती-शेणखत भरून वापराव्यात. ज्यांना परसच नाही, त्यांनी भिंतीकडेला एक दोडका आणि पत्र्यावर चढलेला एक वाल, एवढं केलं तरी आठवड्यातल्या एक-दोन जेवणांची भाजी भागते.

बियाणं घरचं ठेवता येतं, पण सगळ्यांचं सारखं नाही. चवळी, गवार, वाल, मेथी, टोमॅटो यांचं परागीकरण बहुतांशी आपल्याच फुलात होतं, त्यामुळे चांगल्या झाडाच्या पहिल्या तोड्यातल्या शेंगा राखल्या की वाण जसाच्या तसा राहतो. दोडका, भोपळा, काकडी यांच्यात मधमाशी शेजारच्या वाणाचे पराग आणते. एकाच प्रकारच्या दोन जाती जवळ असतील तर पुढच्या वर्षी भलतंच फळ येईल. अशा वेळी गटातल्या प्रत्येकीने गावाच्या वेगवेगळ्या टोकाला एकेक वाण धरावा आणि उन्हाळ्यात अदलाबदल करावी. संकरित पाकिटातलं बी राखण्यात अर्थ नाही. बी पूर्ण सुकवून चाळलेल्या राखेत घोळवायचं, बाटलीत भरून बूच घट्ट लावायचं, वर वाणाचं नाव आणि साल लिहायचं, आणि मृगाच्या पंधरा दिवस आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते पाहायचं. सातपेक्षा कमी उगवले तर बी दाट टाका किंवा गटातून दुसरं मागून घ्या.